गुन्हा उघडकीस, गुन्हेगार शिल्लक

महाराष्ट्रात मोठा गुन्हा घडला की चोवीस तासांत दोन गोष्टी हमखास होतात. कोणाचीही गय केली जाणार नाही, असं मंत्री सांगतात आणि पोलिसांची पथकं ठिकठिकाणी रवाना होतात. रवाना झालेलं पथक रिकाम्या हाताने परतत नाही, ही खात्याची शिस्त. मग पत्रकार परिषद भरते. टेबलावर मुद्देमाल, टेबलामागे साहेब आणि साहेबांमागे बुरखे घातलेली माणसं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘गुन्हा उघडकीस’ असं छापून येतं. बुरख्याआडचा माणूस गुन्हेगारच होता का, हा तपशील ठरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. तोवर साहेबांची बढती, बदली आणि निवृत्ती, तिन्ही यथासांग पार पडलेली असतात.

५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाला. त्या घरातली आई आणि तिचा एक मुलगा जबर जखमी होऊन वाचले. दोनच दिवसांनी पोलिसांनी त्या आईसमोर रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो ठेवले आणि तिने त्यातले चार चेहरे ओळखून दाखवले. एखाद्या सामान्य बुद्धीच्या अंमलदाराने ते चौघे शोधले असते. नाव आहे, फोटो आहे, पूर्वीचा गुन्हा आहे आणि डोळ्यांनी पाहणारी साक्षीदारही आहे. एवढं सगळं आयतं हाती आल्यावर तपासात कौशल्य ते काय उरलं?

खात्याने कौशल्याला वाव ठेवला. त्या चौघांच्या वाटेला कोणी गेलं नाही. पकडले गेले ते सहा जण निराळेच होते, भटक्या जमातीतले, मोलमजुरीवर पोट भरणारे. मग ओळख परेड झाली आणि त्याच आईने आता हे निराळे चेहरे ओळखले. आधीच्या चौघांचं काय झालं, हा प्रश्न सत्र न्यायालयाला पडला नाही. २००६ मध्ये सहाही जणांना फाशी झाली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेपेवर आणलं. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा दुजाभाव मिटवला आणि पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. जन्मठेपेवर आलेल्या तिघांच्या गळ्यात फास परत आला.

पुढचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. दोनच आठवड्यांनी, मे २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने बरियार खटल्यात सांगितलं की फाशीच्या ज्या जुन्या निकालाचा आधार गेली काही वर्षं घेतला जातोय, तो निकालच कायद्याला धरून नव्हता. या सहा जणांच्या फाशीलाही तोच आधार होता. २०१२ मध्ये निष्पन्न झालं की सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. म्हणजे नऊ वर्षं पोलिस, वकील आणि तीन पायऱ्यांवरची न्यायालयं एका पोराला फाशी द्यायच्या खटपटीत होती आणि त्याचं वय विचारायचं राहून गेलं होतं. त्याच वर्षी १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की चुकीच्या आधारावर दिलेल्या अशा फाशीच्या शिक्षा कमी कराव्यात. निवृत्तीनंतर माणसाला स्पष्ट दिसायला लागतं, हे पोलिसांच्या बाबतीतही खरं असतं तर बरं झालं असतं.

अखेर ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. ओळखलेल्या चौघांचा तपास का झाला नाही, हा प्रश्न सोळा वर्षांनी एकदाचा विचारला गेला. आरोपी भटक्या जमातीचे आणि अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गोवल्याची शक्यता नाकारता येत नाही, गंभीर गुन्ह्यांत निरपराधांना अडकवणं घडत असतं, असंही न्यायालयाने नोंदवलं. हे वाक्य सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा उच्चारलं गेलं असेल. पालावर ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या ‘विमुक्त’ झाल्या. पण कायदा रद्द झाल्याचं पत्र बहुधा ठाण्यापर्यंत पोचलं नसावं. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सांगावं लागलं.

खात्याची बाजूही समजून घ्यायला हवी. पुरावा गोळा करणं हे फार किचकट काम आहे. रक्ताचे नमुने सांभाळा, मुद्देमाल सील करा, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघा. त्यापेक्षा माणूस कोठडीत घेतला की पुरावा तो स्वतःच देतो. अडचण इतकीच की १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढचा कबुलीजबाब बाद ठरवला होता. आपले पोलिस कबुली कशी मिळवतात, हे तो कायदा करणाऱ्या गोऱ्या साहेबाला चांगलंच ठाऊक होतं. स्वतंत्र महाराष्ट्राने ही अढी १९९९ मध्ये दूर केली. संघटित गुन्हेगारी रोखायला मोक्का हा कायदा आला आणि पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने घेतलेला कबुलीजबाब ग्राह्य झाला. हवालदारासमोर माणूस मार खाऊन बोलतो, उपायुक्तांसमोर मात्र सदसद्विवेकाने बोलतो, अशी त्यामागची श्रद्धा असावी.

या श्रद्धेची परीक्षा ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांच्या खटल्यात झाली. काही मिनिटांत सात स्फोट झाले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पैकी एक जण २०२१ मध्ये कैदेत असतानाच मरण पावला होता. वेगवेगळ्या उपायुक्तांनी वेगवेगळ्या आरोपींचे जबाब घेतले होते, पण मजकूर जागोजागी तंतोतंत जुळत होता. वीसेक पोरांनी एकाच गाइडमधून उतरवलेला निबंध मराठीचे मास्तर ज्या नजरेने वाचतात, त्याच नजरेने न्यायमूर्तींनी ते जबाब वाचले. मारहाण झाल्याचा आरोपींचा दावाही न्यायालयाला वैद्यकीय नोंदी पाहता खोटा वाटला नाही. ज्या टॅक्सीचालकांनी आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं सांगितलं, त्यांना ते स्फोटानंतर शंभराहून अधिक दिवसांनी आठवलं. दिवसाला डझनभर भाडी मारणाऱ्या माणसाची ही स्मरणशक्ती! एक साक्षीदार गुन्हे शाखेच्या इतरही खटल्यांत साक्ष देऊन गेलेला निघाला. मुंबईत गुन्हा कुठेही घडो, काही नशीबवान माणसं नेमकी तिथूनच चाललेली असतात.

आणखी एक गंमत. लोकल स्फोटांचा तपास करणाऱ्या दहशतवादविरोधी पथकाने आपले आरोपी कोर्टात उभे केले होते, तेवढ्यात २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनचे संशयित पकडले आणि त्यांतल्या एकाने हेच स्फोट आपल्या गटाने केल्याची कबुली दिली. एक गुन्हा, एक शहर, एकाच राज्याचे पोलिस आणि कबुल्या दोन, त्याही एकमेकींना खोट्या पाडणाऱ्या. लोकल स्फोटांच्या या निकालावर राज्य सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये, असं न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडलं नाही. लोकलमध्ये बॉम्ब कोणी ठेवले, याचं उत्तर स्फोटात घरची माणसं गमावलेल्यांना दोन दशकांनीही मिळालेलं नाही.

हा फक्त महाराष्ट्राचा मान आहे असं मात्र कोणी समजू नये. गुजरातच्या अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात मारल्या गेलेल्या दोन हल्लेखोरांच्या खिशात उर्दू पत्रं सापडल्याचं सांगण्यात आलं. कपडे गोळ्यांनी चाळण झालेले, रक्ताने भिजलेले. पत्रं मात्र कोरी करकरीत, ना डाग, ना भोक. १६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा आरोपींना सोडलं, त्यात तिघे फाशीचे होते. त्या दिवशी लोकसभेचे निकाल लागत होते, त्यामुळे ही बातमी पाहायला देशाला सवड नव्हती. सुटलेल्यांनी पुढे भरपाई मागितली. २०१६ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. अशाने धोकादायक पायंडा पडेल, असं कारण झालं. कोऱ्या करकरीत पत्रांनी पायंडा पडत नाही.

नाशिकच्या सहा जणांचं नशीब त्या मानाने थोर. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांच्या हिशेबात दिवसाला साधारण ८५ रुपये पडतात. त्यात फाशीच्या कोठडीतल्या रात्रींचा जादा दर धरलेला नाही. शिवाय ज्यांच्या हलगर्जीने खरे गुन्हेगार सुटले, असे अधिकारी तीन महिन्यांत शोधा आणि ते अजून नोकरीत असतील तर त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करा, असाही आदेश राज्याच्या गृहखात्याला झाला. ‘अजून नोकरीत असतील तर’ हे शब्द फार माणुसकीचे आहेत. सोळा वर्षं तुरुंगात काढलेल्याला ती परत मिळत नाहीत, पण सोळा वर्षांनी पेन्शनीत गेलेल्या साहेबांची झोपमोडही होऊ नये, याची त्यात काळजी आहे.

विधी आयोगाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या २७७ व्या अहवालात अशा लोकांना भरपाई देणारा कायदा करा, अशी शिफारस केली. अहवाल कपाटात आहे. कायदा अगदीच नाही असंही म्हणता येत नाही. विनाकारण अटक झालेल्या माणसाला भरपाई द्यायची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. कमाल रक्कम एक हजार रुपये, तीही पोलिसांनी द्यायची नाही. ज्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी अटक केली, त्याच्याकडून वसूल करायची. १ जुलै २०२४ पासून वसाहतकालीन गुलामीची निशाणी पुसल्याचं सांगत नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमाचा आकडा ३५८ वरून ३९९ झाला. रक्कम आहे तेवढीच आहे.