भवभूती, बोदलकसा आणि दीड जीबी

मूळ नाटक न वाचता त्यावरचा सिनेमा पाहून परीक्षेला बसणारा विद्यार्थी आळशी असतो, असं माझं पक्कं मत होतं. ते हल्ली मोडकळीला आलंय, आणि मत मोडकळीला आलं की माणूस लेख लिहितो. मत तसं सोयीचं होतं. ते नुसतं बाळगलं तरी आपण सगळी मूळ नाटकं कोळून प्यालो आहोत असा समोरच्याचा समज होतो. 'नटसम्राट' सिनेमातल्या नाना पाटेकरांचं कुणी नाव काढलं की मी 'डॉ. लागू...' एवढंच म्हणून सुस्कारा टाकतो. सुस्कारा असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, १९७० सालच्या पहिल्या प्रयोगाला हा गृहस्थ पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसला होता. वस्तुतः मूळ नाटकातले लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर मला ठाऊक आहेत ते इतरांच्या आठवणींतून, जुन्या ध्वनिमुद्रणांतून आणि छापील पुस्तकातून. उसना कोट घालून दुसऱ्याच्या भाड्याच्या कोटाला हसावं, तसा हा प्रकार आहे.

आता गोंदिया जिल्ह्यातल्या, तिरोड्याकडच्या बोदलकशाच्या विद्यार्थ्याचा विचार करा. गावाला धरण आहे, भोवती जंगल आहे, थंडीत लांबलांबून पाखरं येतात. नाटक कंपनी मात्र येत नाही. पुण्या-मुंबईच्या नाटकाच्या बसला नागपूर गाठेपर्यंतच धाप लागते. तिरोड्याचं नाव काढलं तर व्यवस्थापक नकाशा मागेल. तेव्हा या पोरापुढे दोनच वाटा उरतात: पुस्तक किंवा सिनेमा. त्यातलं पुस्तक तेवढं अस्सल आणि सिनेमा नक्कल, हे कुणी ठरवलं? नाटक लिहिलं जातं ते बोलण्यासाठी, हातवाऱ्यांसाठी, उजेडासाठी, गप्प राहण्यासाठी. छपाईत यातलं फक्त बोलणं टिकतं. गप्प राहण्याची जागा कंसात बसवलेली असते. नुसतं वाचून नाटक कळलं म्हणणं म्हणजे लग्नाची पत्रिका वाचून ढेकर देणं. पुस्तक हेही नाटकाचं एक रूपांतरच आहे, आणि नटांना वगळणारं आहे. सिनेमा निदान माणसं तरी पाठवतो.

यावर प्राध्यापकवर्ग म्हणेल की सिनेमा मूळ गोष्ट बदलतो आणि पोरं ते बदल उत्तरपत्रिकेत उतरवतात. आक्षेप खरा आहे. 'ऑथेल्लो'वरचा 'ओंकारा' पाहिलेल्याच्या उत्तरात डेस्डिमोनाच्या हातरुमालाचा कंबरपट्टा होणार, आणि 'मकबूल' पाहिलेला मॅकबेथच्या तीन चेटकिणींऐवजी कुंडली मांडणारे दोन पोलीस लिहिणार. पण गोष्ट बदलणं हा गुन्हा धरला तर आरोपींची रांग फार लांब जाईल. ऑथेल्लोला 'झुंजारराव' करणाऱ्या देवलांना, हॅम्लेटला 'विकारविलसित'मध्ये मराठी बोलायला लावणाऱ्या आगरकरांना आपण आळशी म्हणत नाही. लिअर राजाचं दुःख शिरवाडकरांनी 'नटसम्राट'मध्ये एका म्हाताऱ्या नटाच्या अंगावर घातलं, ते तर आपण डोक्यावर घेतलं. खुद्द शेक्सपिअरने लिअरची गोष्ट जुन्या बखरीतून आणि त्याआधीच्या एका नाटकातून उचलली होती. 'कट्यार काळजात घुसली' हे नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, १९६७ सालचं नाटक. ते २०१५ साली पडद्यावर आलं तेव्हा अभिषेकीबुवांच्या चालींशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी बसली, म्हणून माझ्यासारख्यांनी नाकं मुरडली. पण ती मुरडलेली नाकं घेऊन आम्ही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, हेही नोंदवून ठेवायला हवं. सिनेमाविरुद्ध एक गाऱ्हाणं मात्र मला मान्य आहे: कुठे बघायचं ते कॅमेरा ठरवतो. नाटकात राजा विलाप करत असताना मागे उभ्या भालदाराची मिशी सुटत चालली आहे की नाही, हे पाहण्याचा प्रेक्षकाचा हक्क असतो. तो सिनेमात गेला.

इथे मला संस्कृत नाटककार भवभूती आठवतो. खरं म्हणजे तो मला कुठेही आठवतो. गोंदिया जिल्ह्यातल्या वाचणाऱ्या माणसाला हे दुखणं असतंच. बोलणं धानाच्या भावावर चाललेलं असलं तरी तिसऱ्या वाक्याला आम्ही भवभूतीवर पोचतो. आपण विदर्भातल्या पद्मपूरचे, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलंय. आणखी कुणी काही वेगळं म्हणत असेल तर ते ऐकून घ्यायला आमच्याकडे वेळ नाही. इतरांना शेक्सपिअर इंग्लंडहून मागवावा लागतो, आमचा कवी आमगावहून येतो. तर या भवभूतीने आठव्या शतकात 'उत्तररामचरित'च्या पहिल्याच अंकात काय केलं, तर राम-सीतेला त्यांच्याच आयुष्याची चित्रं दाखवली. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, पण खेळ तोच. लक्ष्मण चित्रामागून चित्र दाखवत समजावून सांगतो, म्हणजे थेटरात शेजारी बसून 'आता बघ काय होतं' म्हणणाऱ्या माणसाचा तो मूळपुरुष. लग्नाच्या चित्रात तो सीता, मांडवी, श्रुतकीर्ती दाखवतो आणि उर्मिलेला गुपचूप वगळतो. सीता मुद्दाम विचारते, भावोजी, ही दुसरी कोण हो? लक्ष्मण लाजून घाईने पुढच्या चित्राकडे वळतो. शूर्पणखेचं चित्र येताच सीता घाबरते. अगं, चित्रच आहे, अशी रामाला तिची समजूत घालावी लागते. आणि हाच समजूतदार राम जनस्थानाचं चित्र आल्यावर स्वतः रडतो. सातव्या अंकात तर वाल्मीकी त्याच्यापुढे त्याच्याच गोष्टीचं नाटक लावतात, आणि तो ते इतकं खरं मानतो की हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाने द्यावी. मूळ प्रसंग ज्याने अंगावर झेलले तो माणूस रूपांतर पाहून कोसळतो, आणि आम्ही बोदलकशाच्या पोराला म्हणतो, सिनेमा पाहून रडलास ते खरं रडणं नव्हे, मूळ संहिता वाचून रड! (आणखी एक, मग आटोपतो: बोदलकशाचं धरण झालं त्या १९१७ सालीच फाळक्यांचा 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता दोन्ही कामं एकट्या अण्णा साळुंक्यांची. ज्या वियोगासाठी भवभूतीला सात अंक लागले, तो फाळक्यांनी मुळातच अशक्य करून ठेवला.)

पण या चित्रदर्शनातच माझ्या युक्तिवादाला कात्री लावणारी एक गोष्ट आहे, आणि ती लपवणं बरं नव्हे. राम एकटा पाहत नव्हता. शेजारी सीता होती, चिडवायला भाऊ होता. आपला विद्यार्थी पाहतो तो एकटा, कानात बोंडं घालून, दिवसाच्या दीड जीबीत बसवून. डेटा संपत आला की वेगही दीडपट करतो; मग अप्पासाहेबांचं स्वगत ऐकताना वाटतं, यांना तुमसरची शेवटची एसटी गाठायची आहे. हसायला सोबत कुणी नाही, डोळे पुसताना पकडणारंही कुणी नाही. नाटकाचं खरं नुकसान इथे होतं. सिनेमात रूपांतर झाल्याने नव्हे.

आणि या गोष्टीचा मला राग येतो, कारण सोबतीने पाहणं या झाडीपट्टीच्या मुलखाला कुणी शिकवायला नको. दिवाळी झाली की मंडईची जत्रा भरते, बैलांचा शंकरपट असतो, वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव निघतात आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाट करून सोडतं. पोतं अंथरून, घोंगडीत पोरं गुंडाळून अख्खं गाव बसतं. त्याच गावातल्या विद्यार्थ्याला आपण शिकवतो की अभिजात नाटक ते पुस्तकात असतं, आणि तू रात्री पाहतोस ते मनोरंजन. यावर उत्तर ठरलेलं: झाडीपट्टीत भडकपणा असतो, गंभीर प्रवेशानंतर लावणी येते, विनोद मध्येच घुसतो. घुसतो खरा. लिअरच्या वादळातही विदूषक आहे. आणि जत्रेचंच म्हणाल तर भवभूतीची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेसाठीच लावलेली, असं त्यांच्या प्रस्तावनाच सांगतात. त्याने एकाही नाटकात विदूषक घेतला नाही, एवढंच. जत्रेत विदूषकाशिवाय लागोपाठ तीन नाटकं उभी करायची छाती वडशातल्या एकाही मंडळीची नसेल. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, २०२४ साली मराठी भाषा अभिजात झाली. अभ्यासक्रमात मात्र झाडीपट्टी अजून दाराबाहेरच्या पोत्यावर बसली आहे. आमच्यासारखे सुस्कारे टाकणारे आत खुर्चीवर.

तेव्हा तिरोडा-आमगावकडच्या प्राध्यापक मंडळींना एक विनंती. यंदाच्या मंडईत एका रात्री पडदा बांधून 'नटसम्राट' दाखवा, सगळ्या गावाला, एकाच वेगात. दुसऱ्या रात्री वडशाच्या एखाद्या मंडळीला 'उत्तररामचरित' करायला सांगा. विदूषक घालायचा की नाही, ते त्यांच्यावर सोडा. थंडी असते, घोंगडी आपापली आणावी.