येथे पूर्वी काय होते

भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर मार्गदर्शकासह केलेली जीप-सफर हा पर्यटनाचा स्वतंत्र प्रकार मानल्यास त्याची व्याख्या पुढीलप्रमाणे करता येईल : मणक्यांच्या डॉक्टरांनी मना केलेल्या सर्व हालचाली ज्यात युरो मोजून करवून घेतल्या जातात, आणि ज्यात पुढच्या आसनावरील माणूस मागच्यांना भर वाऱ्यात इतिहास सांगतो, ती जीप-सफर होय. या प्रकाराचे देशी रूप सिंहगडाच्या पायथ्याशी रोज पाहावयास मिळते. तेथील जीप ही वडाप पद्धतीने, म्हणजे गाडी प्रवाशांनी पुरती भरल्याखेरीज जागची न हलवण्याच्या पद्धतीने, चालते. परंतु तिच्यात मार्गदर्शक नसतो, चालक घाटात बोलत नाही, आणि गडावर उतरल्यावर प्रवाशाचे लक्ष इतिहासापेक्षा पिठले-भाकरीकडे व मडक्यातल्या दह्याकडे असते, त्यामुळे अभ्यासक तिला सफर न म्हणता केवळ गडावर पोहोचणे म्हणतात. सफर होण्यासाठी अंतर लागते, व्हिसा लागतो, आणि सहकुटुंब निघण्यापूर्वी किमान एका शेजाऱ्याला ही वार्ता कळलेली असावी लागते.

पुण्यातून निघणाऱ्या सहलींत हल्ली युरोपच्या ठरावीक राजधान्या ‘करून झालेल्या’ मंडळींची एक पिढी तयार झाली असून तिच्यासाठी माल्टासारखी बेटे सोयीची ठरतात. माल्टा हा बेटांचा देश असून त्याचे सारे क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर आहे, आणि 2021 साली 23 गावे समाविष्ट झाल्यावर पुणे महानगरपालिकेची हद्द 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. अर्थात हा अख्खा प्रजासत्ताक देश, त्याची राजधानी व्हॅलेटा, विमानतळ आणि सारे किल्ले महापालिकेच्या हद्दीत मावून वर चार-दोन उपनगरे शिल्लक राहतात. ही आकडेवारी पुणेकर प्रवाशास विमानातच ठाऊक झालेली असते, आणि त्यामुळे तो बेटावर उतरतो तो पाहुणा म्हणून नव्हे, तर एका लहानशा प्रभागाच्या पाहणीस आलेला ज्येष्ठ सभासद म्हणून. जीपची खरी सफर ज्या गोझो या धाकट्या बेटावर होते, त्याचे क्षेत्रफळ तर अवघे 67 चौरस किलोमीटर आहे; तेवढ्यासाठी पूर्ण दिवस कशाला हवा, हा प्रश्न सहलपत्रक छापून आल्या दिवशीच विचारला जातो.

मुंबई इलाख्यातून माल्ट्याला जाणारी ही काही पहिली सामुदायिक सहल नव्हे. 1878 साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्या युद्धामुळे इंग्लंडचे पंतप्रधान डिझरायली अस्वस्थ झाले, आणि रशियाला धाक बसावा म्हणून त्यांनी सुमारे 7000 हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांत घालून सुएझमार्गे माल्ट्यात नेऊन उतरवले; त्यांत बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या पलटणी होत्या. जाणे-येणे, राहणे, जेवण आणि गणवेश हे सर्व खर्चात धरलेले असल्याने आजच्या सहल-व्यवसायाची बहुतेक लक्षणे या मोहिमेत सापडतात. पुढे बर्लिनमध्ये तह झाला आणि लढाई टळली. इंग्लंडच्या पार्लमेंटात या प्रकारावरून वाद झाला तो वेगळा, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की न झालेल्या लढाईसाठी हजारो माणसे समुद्रापार नेऊन, उन्हात उभी करून, परत आणता येतात हे या मोहिमेने सिद्ध केले, आणि मार्गदर्शित पर्यटनाचे मूलतत्त्व त्यातच दडलेले आहे.

गोझोला जाण्यासाठी मुख्य बेटावरील चिर्केव्वा धक्क्यावरून बोट सुटते व सुमारे 25 मिनिटांत मजार बंदराला लागते. या बोटीचे भाडे जाताना घेत नाहीत. ते परत येताना, गोझोच्या धक्क्यावर, दोन्ही वेळचे एकदम वसूल केले जाते. बेटावर गेलेला मनुष्य केव्हा तरी परत येणारच, या भरवशावर उभारलेली ही व्यवस्था पुणेकर प्रवाशाला सफरीतील सर्वांत प्रेक्षणीय वस्तू वाटते, आणि त्या 25 मिनिटांत तो निळ्या समुद्राकडे पाठ करून तिच्यातील त्रुटी शोधण्यात गढून जातो. येताना दुसऱ्या मार्गाने परतल्यास काय, जाणारे चाळीस व येणारे एकोणचाळीस भरल्यास हिशेब कसा लागतो, आणि ही कल्पना पीएमपीच्या बसला का लागू करू नये, या तीन प्रश्नांवर बोटीतच गट पडतात. टूर मॅनेजर, म्हणजे पासपोर्ट सांभाळणे व भांडणे सोडवणे ही दोन कामे एकाच पगारात करणारा तरुण, या वेळी लांब कठड्याशी उभा राहून समुद्र पाहतो. त्याला तो रोज पाहावा लागतो.

बंदरावर उघड्या जीपांची रांग असते. मागे समोरासमोर दोन बाकडी, वर पत्र्याऐवजी आकाश, आणि धरावयास लोखंडी दांडा अशी त्यांची रचना असून, चालकाशेजारच्या आसनावर ज्येष्ठतेने बसावे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या बळावर बसावे की मुंबईहून आलेल्यांना तेथे मुळीच बसू देऊ नये, याचा निकाल लागेपर्यंत पहिले स्थळ मागे पडलेले असते. या टप्प्याचा फार विस्तार करण्याचे कारण नाही. डब्यातील भाकरवडीचेही तसेच. ती बेटाच्या कोणत्याही उंचवट्यावर पोहोचण्यापूर्वी संपते.

मुख्य विषय पश्चिम किनाऱ्यावरील ड्वेय्रा या ठिकाणी सुरू होतो. तेथे समुद्रात उतरलेल्या चुनखडकाची एक प्रचंड नैसर्गिक कमान होती. तिला ‘निळी खिडकी’ म्हणत, आणि जगभरच्या सहलपत्रकांत, चित्रपटांत व चित्रमालिकांत ती झळकत असे. तिच्यावरून चालण्यास मनाई करून दंडही जाहीर झाला होता, परंतु दंड माणसांना होता, लाटांना नव्हता, आणि 8 मार्च 2017 रोजी सकाळच्या वादळात ती खांबासकट समुद्रात कोसळली. यानंतर सफरीतून ड्वेय्रा गळेल अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात जीप आजही तेथे थांबते, मार्गदर्शक आजही हात लांब करतो, आणि पूर्वी खिडकीतून जो समुद्र दिसत असे, तोच समुद्र आता खिडकीवाचून दाखवतो. 2018 साली त्याच जागी आरशासारख्या पोलादी पत्र्यांची नवी वास्तू उभारावी असा एका रशियन वास्तुविशारदाचा प्रस्तावही आला होता, परंतु मार्गदर्शकाचा हात आणि पर्यटकाची श्रद्धा एवढ्यावर भागत असताना पोलाद कशाला हवे, हे व्यवहारी माणसास सहज पटण्यासारखे आहे.

त्याच ठिकाणी उभे राहून दाखवल्या जाणाऱ्या इतर वस्तूही याच कोटीतल्या आहेत. समोर समुद्रात ‘बुरशीचा खडक’ आहे. त्यावर उगवणारी वनस्पती रक्तस्राव थांबवते अशा समजुतीने माल्ट्यावर राज्य करणाऱ्या सरदारांनी, म्हणजे सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनी, अठराव्या शतकात तेथे पहारा बसवला होता, पण ती वनस्पती बुरशी नाही, तर दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारे एक फुलझाड आहे. पलीकडे ‘अंतर्गत समुद्र’ आहे, तो समुद्र नसून खडकातल्या बोगद्याने समुद्राला जोडलेले खारे तळे आहे. पुढे कॅलिप्सोची गुहा लागते. होमरच्या महाकाव्यातील या अप्सरेने ओडिसियस राजाला सात वर्षे आपल्या बेटावर अडकवून ठेवले, आणि ते बेट गोझोच, असे स्थानिक परंपरा मानते; खडक खचत असल्याने गुहेत उतरण्यास मनाई झाली असून पर्यटकांना तिच्या वरच्या बाजूला काही मिनिटे उभे करून पुढे नेले जाते. खिडकी नाही, बुरशी नाही, समुद्र नाही, अप्सरा तर नव्हतीच. जीप मात्र भरलेली आहे.

इंग्रज, जर्मन अथवा फ्रेंच पर्यटक अशा वेळी किंचित गोंधळतो असे दिसते. पुणेकर गोंधळत नाही. ज्या शहरात पत्ता सांगताना आज उभ्या असलेल्या इमारतीचा उल्लेख हा शेवटचा उपाय मानला जातो, आणि बंद पडलेले चित्रपटगृह, पाडलेला वाडा व स्थलांतरित दुकान यांच्या आधारे अनोळखी माणसास अचूक ठिकाणी पोहोचवले जाते, त्या शहरात वाढलेल्यास अभावाचे दर्शन नवे नाही. त्याच्या लकडी पुलाला लाकूड नाही. पेरूगेटपाशी पेरू नाहीत आणि तुळशीबागेत बाग नाही. तळ्यातल्या गणपतीभोवतीचे तळे केव्हाच बुजून तेथे हिरवळ आली. पेशवे पार्कातील वाघ-सिंह 1999 साली कात्रजला गेले. मस्तानीचा महाल पाहावयाचा तर कोथरूडला नव्हे, केळकर संग्रहालयात जावे लागते. या सर्वांचा मुकुटमणी शनिवारवाडा होय. 10 जानेवारी 1730 रोजी ज्याचा पाया घातला गेला तो सातमजली वाडा 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेल्या आगीत गेला, आणि तेव्हापासून जवळजवळ दोनशे वर्षे पुणेकर पाहुण्यांना तिकीट काढून आत नेऊन जोते दाखवत आहेत. जोते म्हणजे इमारतीचा जमिनीलगतचा पायाचा भाग. त्यावर सात मजले मनाने चढवण्याचे काम पाहुण्याने स्वखर्चाने करावयाचे असते. गोझोला खिडकी जाऊन जेमतेम दशक होत आले आहे, तेव्हा या क्षेत्रातील ज्येष्ठता कोणाकडे जाते हे उघड आहे, आणि ती ड्वेय्राच्या कड्यावर मार्गदर्शकाला लगेच सांगितलीही जाते.

पुण्याच्या प्रवाशाची दुसरी सवय अधिक गंभीर आहे. ज्या शहरात 1910 साली इतिहासाचार्य राजवाडे आदींनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, त्या शहराचा नागरिक अस्सल कागद पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, निदान दुसऱ्याच्या इतिहासावर तरी नाही. गोझोतील जगांतिया या ठिकाणी इसवी सनापूर्वी सुमारे 3600 वर्षांच्या काळातील, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी, दगडी मंदिरे आहेत, आणि एका राक्षसिणीने शिळा वाहून आणून ती एकटीने बांधली अशी लोककथा मार्गदर्शक हसत हसत सांगतो. त्यावर जीपमधून ‘आधार काय?’ असा प्रश्न येतो. प्रश्नकर्ता तोच असतो जो सिंहगडावर नातवाला कडा दाखवून घोरपडीची शेपटी नेमकी कोठे होती ते सांगतो, आणि त्या घोरपडीला समकालीन कागदाचा आधार नाही असे कोणी म्हटल्यास त्या संशोधकाचे आडनाव विचारतो.

या विवेचनावरून एक व्यवहार्य योजना सुचते. युरो घालवून नसलेली खिडकी पाहण्यापेक्षा पुण्यातच नसलेल्या गोष्टींची मार्गदर्शित जीप-सफर सुरू करता येईल. पीएमपीची ‘पुणे दर्शन’ बस आहेच, परंतु ती बहुतांशी असलेल्या गोष्टी दाखवते ही तिची मर्यादा आहे. प्रस्तावित सफरीत जीप लकडी पुलावरून निघून नदीकाठी 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात वाहून गेलेल्या वस्तीची जागा दाखवील, तेथून विद्यापीठ चौकात 2020 साली पाडलेल्या उड्डाणपुलाखाली सावलीत थांबल्याचा भास करून घेईल, आणि चांदणी चौकात शेवटचा फोटो-थांबा घेईल. या शेवटच्या स्थळाचे महत्त्व आंतरराष्ट्रीय आहे. गोझोची कमान निसर्गाने एका सकाळीत, फुकट आणि पूर्णपणे पाडली. चांदणी चौकातील पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे 600 किलो स्फोटके लावून उडवला, तो पाहावयास लोक जमले, आणि धूर खाली बसल्यावर त्याचा काही भाग जागच्या जागी उभा असलेला दिसला, तो यंत्रे लावून काढावा लागला. नाहीसे होण्यासही पुण्यातील वास्तू एका फटक्यात कबूल होत नाहीत, हे विदेशी पर्यटकास समजावून सांगणारा मार्गदर्शक येथे लागेल, आणि त्याची माहिती दुरुस्त करणारे चार प्रवासी प्रत्येक जीपमध्ये आपोआप उपलब्ध होतील.

अडचण भाडे-वसुलीची आहे. गोझोच्या बोटीप्रमाणे भाडे परतीच्या वेळी घ्यावे असे एक मत या योजनेच्या प्राथमिक चर्चेत पुढे येणे स्वाभाविक आहे. परंतु दिवसभरात आपल्याला जे दाखवले त्यातील एकही वस्तू जागेवर नव्हती, सबब दर्शन झाले नाही, सबब पैसे देणे लागत नाही, हा मुद्दा सदाशिव पेठेतील कोणताही प्रवासी उतरता उतरता सिद्ध करील आणि त्याला उत्तर देणे मार्गदर्शकास अवघड जाईल. यास्तव भाडे जीप हलण्यापूर्वी रोख घ्यावे, पावती द्यावी, पावतीवर ‘दाखवलेली स्थळे अस्तित्वात नसल्याबद्दल तक्रार ऐकून घेतली जाणार नाही’ अशी ओळ छापावी, आणि सुट्टे पैसे प्रवाशानेच आणावेत.