बोरीचे कुलोपाध्ये

आमच्या झाशीच्या काकांना बोर देऊन पाहावं. आधी ते देठ निरखतात, मग "घराणं ऱ्हॅम्नेसी" असं जाहीर करतात. तोवर कुणी पळवलं नसेल, तर खातात.

चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 1962पासून झाशीत आहे. काका तिथे नव्हते, टपाल खात्यात होते. पण ग्वाल्हेर रोडवरच्या तिच्या फाटकावरून तीस वर्षं सायकल मारली, तेवढ्या वाऱ्यावर त्यांना वनस्पतिशास्त्र लागलं.

झाडाकडे ते स्थळ आल्यासारखं बघतात. पानाच्या बुडाशी दोन काटे, एक सरळ, दुसरा आकड्यासारखा वळलेला. "सरळ घुसतो, आकडा सोडत नाही. तुझ्या काकूचं माहेर!" मग पान उलटं करून पांढरी लव आणि बुडातून निघणाऱ्या तीन शिरा. लिनियसने 1753 साली बोरीला ऱ्हॅम्नसमध्येच घातलं होतं, झिझिफसचं बिऱ्हाड पुढे वेगळं झालं. "वाटण्या झाल्या म्हणून कुळ बदलतं काय?"

ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी, असं मी एकदा सहज बोलून गेलो. काका उसळले. बाभूळ शेंगांच्या घराण्यातली! गाव एक असेल, सोयरीक नाही. पुतण्याने लेहहून सी बकथॉर्नच्या रसाची बाटली आणली, तेव्हाही तेच. "आडनावबंधू. आपल्या ऱ्हॅम्नसलाही इंग्रजीत बकथॉर्नच म्हणतात, पण हे नावापुरतं, गोत्र निराळं." बाटली मात्र त्यांनीच संपवली.

झरबेरीचा विषय निघाला की काका हळवे होतात. बुंदेलखंडच्या माळावरचं हे गुडघाभर झुडूप. ते छाटून वाळवायचं, झोडपून पाला पाडायचा, तो शेळ्यांना. उरलेल्या काटक्यांचं शेताला कुंपण. फळ वाटाण्याएवढं, आंबटगोड. माणिक चौकातल्या म्हातारीकडून ते शेरभर घेतात आणि तिलाच त्याचं शास्त्रीय नाव न्यूम्युलेरिया म्हणायला शिकवतात. ती "हाँ बाबूजी" म्हणते आणि मापात चार कमी टाकते.

यंदा नातवाचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने. चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे आणि बोरं डोक्यावरून ओतली. पोरं तुटून पडली, तर काका मधे फतकल मारून मोठी बोरं डावीकडे, झरबेरी उजवीकडे लावत बसलेले. दोन्ही ढीग पोरांनी फस्त केले. शेजारची चिमुरडी ओंजळभर आठोळ्या घेऊन आली.

"आजोबा, ह्या कुठल्या घराण्याच्या?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात काकू केरसुणी घेऊन आल्या.

"केराच्या. पाय वर घ्या."