वीतभर पाण्यातली होडी

'लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून' असं म्हणून ठेवणारा माणूस नक्की देशावरचा असणार. खाडीकाठचा असता तर त्याने तिसरं कलम होडीचं घातलं असतं. लग्नाला निदान पत्रिका जुळवता येते. इथे एकीकडे नदी, दुसरीकडे समुद्र, मधे वाळूचा दांडा आणि काठावर सल्ला द्यायला उभा असलेला अख्खा गाव. यांची पत्रिका कोण जुळवणार?

विषय निघाला माझ्या भाच्यामुळे. तो देवबागचा. देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे घरं आणि माड कसेबसे मावतील एवढी पट्टी. त्याला होडी बांधायची आहे. पहाटे जाळं टाकायला आणि उन्हं वर आली की पर्यटकांना संगम दाखवायला. "मामा, होडी एकच, पण कमी पाण्यात चालणारी होयी," एवढंच त्याने फोनवर सांगितलं. मागणी ऐकायला साधी. कमी पगारात घर चालवणारी माणसंही आपण अशीच सहज मागतो.

कमी पाणी त्याने हौसेने मागितलेलं नाही. कर्लीच्या मुखाशी वाळू दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. गेल्या वर्षी जिथून होडी नेली तिथे यंदा माणसं उभी राहून फोटो काढतात. त्यात भरती-ओहोटी. कोकणात जुना ढोबळ हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, आणि भर दुपारी बाराला पाणी ओसरलेलं. कोळी-गाबीत तिथी बघून होडी लोटतात. पर्यटक तिथी बघून येत नाही, शनिवार बघून येतो. शनिवारी अष्टमी आली तर ती त्याची चूक नव्हे, होडीवाल्याची.

आता होडी किती बुडते हे ग्रीक आर्किमिडीजने सांगून बावीसशे वर्षं होऊन गेली. जेवढं वजन, तेवढ्या वजनाचं पाणी बाजूला सारायचं. पाच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद सपाट तळ घेतला, तर होडी एक सेंटीमीटर खाली जाताना साधारण साठ-बासष्ट लिटर पाणी सारते. म्हणजे एक मध्यम बांध्याचा माणूस, एक सेंटीमीटर. हा हिशोब मला फार आवडला. दहा माणसांना दहा सेंटीमीटर, होडीचं आणि इंजिनाचं वजन धरून आणखी सहा-सात. एकूण एक वीतसुद्धा नाही! पुढे नाळेकडे होडी निमुळती होते म्हणून थोडं वाढवून धरायचं, आणि पर्यटक नुकताच मालवणी थाळी जेवून आला असेल तर आणखी थोडं.

मग सगळ्यांनी सपाट तळाच्याच होड्या का बांधू नयेत? कारण सपाट तळ वीतभर पाण्यात तरंगतो खरा, पण लाटेवर आपटतो. नदीत राजासारखी चालणारी होडी संगमापाशी समुद्राची लाट लागली की धाडधाड आदळायला लागते आणि आतल्या माणसांचे मणके मोजून काढते. शिवाय पाण्याखाली धरून ठेवणारं काही नसल्यामुळे वारा तिला आडवी लोटत नेतो. टोकदार तळाची होडी लाट कापते, वाऱ्यात रेघ सोडत नाही, पण तेवढ्याच रुंदीत तेवढंच वजन घेऊन जवळजवळ दुप्पट खोल बसते. होडी निवडायची म्हणजे कुठला त्रास सोसायचा ते निवडायचं. बिनत्रासाची होडी फक्त कागदावर तरंगते.

आणि होडी वीतभर बुडाली तरी इंजिनाचा पंखा तिच्याखाली आणखी वीतभर लोंबतो, हे सगळे सोयिस्करपणे विसरतात. वाळू आधी लागते ती पंख्याला. त्यावर उपाय आहेत. तळाला मागच्या बाजूने पन्हळीसारखी खाच काढून पंखा तिच्यात वर घ्यायचा. पण जेवढी खाच तेवढी तरंगण्याची ताकद कमी, मागचा भाग बसतो. पूर्व किनाऱ्यावर, जिथे होडी लाटेतून थेट वाळूवर आणावी लागते, तिथे १९८० च्या दशकात 'बे ऑफ बेंगॉल प्रोग्राम'च्या लोकांनी दांड्यासकट पंखा वर उचलता येईल अशी इंजिनं बसवलेल्या होड्या केल्या होत्या. आपल्याकडे सोपा मार्ग म्हणजे पाणी उथळ झालं की इंजिन मागून वर उचलायचं आणि बांबूने होडी रेटायची. हे काम भाचा करतो तेव्हा पर्यटकांना ते अस्सल कोकणी अनुभवाचा भाग वाटतं.

उथळ पाण्याची ही विद्या काही कालची नाही. आंग्र्यांच्या गलबतांना पाणी कमी लागे. पाठीवर आलेलं इंग्रजांचं मोठं जहाज मुखाशी घुटमळत राही, तोवर गलबत खाडीत शिरून वळणाआड झालेलं असे. मात्र गलबतावर कोणी सहकुटुंब बसत नसे, एवढा फरक लक्षात ठेवायला हवा.

भाचा शेवटी गावातल्या होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या मेस्ताकडे गेला. मेस्ताने आराखडा पाहिलासुद्धा नाही. विडी विझवली आणि विचारलं, "मासे होये की माणसां?"

सगळा प्रश्न या चार शब्दांत आहे. मासा हा आदर्श माल. एकदा होडीत पडला की तळाशी पडून राहतो. वजन खाली, होडी स्थिर. माणूस फळीवर बसतो, म्हणजे वजन वर, आणि तोही बसून राहत नाही. देवबागच्या पुढे समुद्रात डॉल्फिन दिसतात. डावीकडे पाठ दिसली की दहाच्या दहा माणसं डावीकडे. त्यांतला एक तरी उभा राहतो, आणि ज्याच्या हातात मोबाइल तो हटकून सगळ्यांत वजनदार असतो. टनभर बांगड्यांनी असं कधी केल्याचं ऐकिवात नाही.

पुढे काठाची उंची. जाळं ओढणाऱ्याला काठ बुटका हवा. गुडघ्याच्या वर गेला की प्रत्येक ओढीला कंबर बोलते. पर्यटकाला काठ उंच हवा, कारण पाणी हाताशी आलेलं पाहून बायको नवऱ्याकडे बघते. जाळ्याला मधली जागा मोकळी हवी, प्रवाशाला बाकं हवीत. प्रवाशाला डोक्यावर छप्पर हवं. छप्पर म्हणजे वाऱ्याच्या मते बिनदोरीचं शीड. आणि वास! सकाळी बांगडा उतरवलेली होडी कितीही धुतली तरी दहा वाजता कोणीतरी रुमाल काढतोच. तोच माणूस एक वाजता तोच बांगडा तळून मागवतो आणि ताजा आहे ना, असं विचारतो.

मेस्ताचं स्वतःचं मत उलांडीच्या बाजूने होतं. अरुंद होडी, बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेलं लाकडी तरांडं. पाणी कमी लागतं, सहजी उलटत नाही, जाळं मोकळ्या बाजूने ओढता येतं. मासेमारीला याहून शहाणी रचना मला ठाऊक नाही. पण ती धक्क्याला एकाच बाजूने लागते, आणि उलांडीवर पाय देऊन उतरू पाहणारा पर्यटक दर हंगामात निघतोच. भाच्याने हात जोडले.

लाकूड की फायबर यावर गावात दोन दिवस चर्चा चालली, ती मी गाळतो. आंब्याच्या फळ्या, काथ्याची शिवण आणि काजूच्या टरफलांचं तेल यांची आठवण काढून सगळे हळवे झाले आणि सगळ्यांनी फायबर सुचवलं.

परवान्याची गोष्ट तेवढी सांगतो. मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे आणि प्रवासी मेरिटाइम बोर्डाचे. होडी एक, मालक एक, पण पहाटे ती एका खात्याच्या नजरेने पाण्यात उतरणार आणि दहा वाजता दुसऱ्याच्या. पावसाळा तेवढा समान. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, आणि खवळलेल्या समुद्रात प्रवासी तरी कोण नेणार? त्या दिवसांत होडी माडाखाली झावळ्यांत झाकून ठेवायची आणि तिच्यात काय चुकलं यावर पुन्हा गावाचं मत घ्यायचं.

मला विचाराल तर होडी माणसांच्या मापाने बांधावी आणि मासे तिच्यात बसवावेत. मासे तक्रार करत नाहीत. भाच्यालाही ते पटलं. नाळेकडे किंचित टोकदार आणि मागे सपाट होत गेलेला तळ, रुंदी सढळ, काठ पर्यटकाच्या बायकोला चालेल एवढा उंच, आणि जाळं ओढणाऱ्यासाठी मागच्या अंगाला उभं राहायला चढवलेली फळी. बाकं काढता-घालता येणारी. पुढे-मागे आणि दोन्ही कडांना आतून फोम भरून बंद केलेले कप्पे, म्हणजे पाण्याने भरली तरी होडी बुडणार नाही. आठ माणसं बसतील असा हिशोब केला आणि कागदावर सहा लिहिली. छपराचं नंतर पाहू, असं ठरलं. म्हणजे ते होणार.

तेव्हा येत्या हंगामात देवबागला आलात आणि अशा एखाद्या होडीत बसलात तर दोनच गोष्टी करा. लाइफ जॅकेट गळ्यात नुसतं अडकवू नका, त्याचे पट्टे लावा. आणि डॉल्फिन कुठल्याही बाजूला दिसो, बसून राहा. थोडं थांबलात तर तो तुमच्याही बाजूला येतो.