चौकटराव

खरं नाव वेगळं आहे. पण हातात मार्कर आला की बोर्डावर चौकोन, शेजारी दुसरा चौकोन आणि मध्ये बाण, म्हणून सगळं ऑफिस त्यांना चौकटराव म्हणतं. हुद्दा सोल्यूशन आर्किटेक्ट, मुक्काम हिंजवडी, विषय हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर.

त्यांचं मूळ म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं, हीच पंचाईत. हॉस्पिटलात लॅबचं मशीन एका कंपनीचं, बिलिंग दुसरीचं, औषधांचा हिशेब एक्सेलमध्ये. या सगळ्यांनी एकमेकांशी खुल्या, ठरलेल्या पद्धतीने बोलावं, एक भाग काढून दुसरा बसवता यावा. हे जमतंही. डायकॉम हे मानक आहे म्हणून एका कंपनीच्या सीटी स्कॅनरवरची चित्रं दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर दिसतात. ‘बाह्मनी’ या खुल्या प्रणालीत रुग्णाची नोंद ओपनएमआरएसकडे, लॅब ओपनएलिसकडे आणि बिलं ओडूकडे असतात. तिन्ही मुळात वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली, तरी एकत्र नांदतात.

“तीनच?” चौकटराव हळहळतात. “किती घट्ट बांधलंय हो!”

त्यांच्या आराखड्यात पेशंटचं नाव ही एक सेवा, पत्ता ही दुसरी. का, तर माणूस घर बदलतो, नाव बदलत नाही. वय तर रोजच वाढतं, म्हणून त्याला स्वतंत्र सर्व्हर. सगळ्यांचे निरोप मेसेज क्यूमधून. ओपीडीत बाहेर रांग होतीच, आता आतही लागली.

पहिल्याच दिवशी नोंदणीच्या सिस्टर म्हणाल्या, “सर, केसपेपर निघेना.”

“निघालाय, सिस्टर. पोचायचाय. इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी म्हणतात याला. शेवटी सगळीकडे एकच माहिती दिसते.”

“पेशंटच्या शेवटाआधी दिसेल ना, सर?”

चौकटरावांनी वहीत लिहून घेतलं : ‘युजर ट्रेनिंग हवं.’

मेल्विन कॉनवेने 1968 साली मांडलेला नियम ते येता-जाता ऐकवतात : संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच तिच्या प्रणालीची रचना होते. त्यांच्याच हाताखालची फार्मसी टीम आणि बिलिंग टीम दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. औषधं बिलात येत नाहीत ती का, याचा शोध मात्र ते नेटवर्कमध्ये घेत असतात.

तरी न्यायाने बोलायचं तर कुठलाही भाग काढा, दुसरा बसवा, असं सॉफ्टवेअर चौकटरावांनी खरोखर उभं केलंय. फक्त कुठला भाग कुठे बसतो, हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. कागदपत्रांत अवघड जागी एकच ओळ सापडते : ‘सरांना विचारा.’

सर मे महिन्यात आंब्यांसाठी गुहागरला जातात. तेवढे दिवस हॉस्पिटल कार्बन पेपरवर चालतं. सिस्टरांच्या मते, बरं चालतं.