सोमवारचा गेटवे

कराडचे निवृत्त गुरुजी गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या शबनम पिशवीत पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा होता, आणि डोक्यात किमान दोन डझन सनावळ्या. घारापुरीची त्रिमूर्ती बाईंना दाखवायची, हा बेत लग्नाच्या वर्षीचा. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती.

"घारापुरी? आज सोमवार आहे, काका," तिकिटाच्या टपरीतला मुलगा म्हणाला. "लेणी बंद."

पंचम जॉर्ज आणि राणी मेरी या धक्क्यावर कुठल्या तारखेला उतरले, हे झोपेतही सांगणाऱ्या माणसाला आजचा वार माहीत नव्हता! बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर खोचला. गुरुजींना तेवढं पुरे होतं.

नुकसानभरपाई म्हणून अर्ध्या तासाची बंदरफेरी ठरली. या फेरीत लाँच निघते, पाण्यात जरा पुढे जाते, विचार बदलल्यासारखी वळते आणि निघाली तिथेच परत येते. वरच्या डेकवर बसायचे पैसे वेगळे. पण गुरुजींची कळी खुलली, कारण हा दरवाजा समुद्रावरूनच बघायचा. बोटीने येणाऱ्याला तो समोर दिसावा, म्हणून तर बांधलेला. पिवळसर बेसॉल्टची २६ मीटर उंचीची कमान, ग्वाल्हेरहून आणलेल्या जाळ्या, जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाचा आराखडा. गुरुजी बोलत होते, लाँचचं इंजिन त्यांच्याहून मोठ्याने बोलत होतं.

"राजा आला १९११च्या डिसेंबरात. पायाभरणी ३१ मार्च १९१३. उद्घाटन ४ डिसेंबर १९२४."

"म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव?" बाईंनी विचारलं.

गुरुजींनी मान डोलावली. राजा-राणीला पाहायला मिळाली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती, असं सांगतात. पुढे खरा दरवाजा झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून समारंभपूर्वक निघून गेली. स्वागताच्या कमानीचा निरोपाला इतका चोख उपयोग क्वचितच झाला असेल.

धक्क्यावर परतल्यावर मात्र दरवाजा कुणीच बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे, कारण फोटोसाठी तोंड कॅमेऱ्याकडे लागतं. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका फोटोग्राफरने गुरुजींना गाठलं, हात वर करायला लावला, बोटं जुळवायला लावली आणि "अंकल, थोडा ऊपर, थोडा लेफ्ट" करत गेटवे त्यांच्या चिमटीत बसवला. पाच मिनिटांत छापील फोटो हातात. त्यात गुरुजी भेळेतली मिरची बाजूला काढताना दिसत होते. पलीकडे १९०३पासून उभं असलेलं ताजमहाल हॉटेल आणि कबुतरं. कबुतरांचाच तेवढा या परिसरात काही खर्च होत नाही.

मग बाई म्हणाल्या, "आता माझं."

कुलाबा कॉजवे. कागदोपत्री शहीद भगतसिंग मार्ग. १८३८ साली भर घालून हा रस्ता झाला, त्याआधी कुलाबा हे वेगळं बेट होतं आणि भरतीच्या वेळी तिथे जायला होडी लागे. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा बाई गर्दीत चार दुकानं पुढे होत्या. आता भरती माणसांची. एका बाजूला पक्की दुकानं, दुसऱ्या बाजूला फुटपाथवरचे स्टॉल, मधल्या बोळकांडीत झुमके, गॉगल, पर्सेस, मोजड्या आणि पितळी होकायंत्रं. एका होकायंत्रावर शंभर वर्षांपूर्वीचं साल कोरलेलं. पितळ इतकं झगझगीत, की ते गेल्या पंधरवड्यातलं असावं. सनावळीचा माणूस साल बघूनच विरघळला.

"बाराशे," दुकानदार म्हणाला.

"ठीक आहे," म्हणायला गुरुजींनी तोंड उघडलं आणि बाईंचा कोपर बरगडीत आला.

"तीनशे में देना है तो दो, नहीं तो हम चाललो," बाई म्हणाल्या. त्यांचं हिंदी कराडच्या स्टँडपलीकडे कधी गेलेलं नाही, पण भाव करायला व्याकरण लागत नाही. दुकानदाराने कपाळाला हात लावला, धंद्याची शपथ घेतली, नऊशेवर आला. बाई वळल्या, सात पावलं गेल्या (गुरुजी मोजत होते). आठव्या पावलाला मागून हाक आली. सौदा साडेतीनशेला तुटला. होकायंत्राची सुई उत्तर सोडून सगळीकडे जात होती.

परतताना गेटवे पुन्हा दिसला, पण तिरका. समोरच्या रस्त्याच्या सरळ रेषेत तो नाहीच. बाई थबकल्या.

"अहो, हा वाकडा का उभा आहे?"

"त्याच्यासमोर सरळ रस्ता काढायचं ठरलं होतं. पैसे संपले, रस्ता झालाच नाही."

"खर्च किती आला होता?"

"एकवीस लाख."

"नुसत्या दरवाजाचे?" बाईंनी होकायंत्र पिशवीत नीट खाली सरकवलं. "भाव केलेला दिसत नाही."