बीपी आणि सातबारा

मुळशीतल्या आमच्या कॉलेजात २९ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक हृदय दिनाला, व्याख्यान ठरलं की मुलं वक्त्याचं नाव विचारत नाहीत. ‘सर, नाश्ता आहे ना?’ एवढंच विचारतात. नाश्ता नसेल तर सभागृहात वक्ते, प्राचार्य आणि मी. म्हणून हृदयाच्या कल्याणासाठी वडापाव मागवावे लागतात, तेही तळलेल्या मिरचीसकट.

डॉक्टर म्हणाले, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. मागून शंका आली, ‘मॅगीचा मसाला वेगळा धरायचा का?’ अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली हृदय निरोगी ठेवणाऱ्या गोष्टींच्या यादीत झोपही घातली. आमच्या हॉस्टेलात ती बातमी रात्री अडीचला सगळ्यांनी वाचली.

मग व्यायाम. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला, म्हटल्यावर मुलं खूश. ‘आम्ही तर दर रविवारी ताम्हिणीला ट्रेक करतो!’ हा ट्रेक मी पाहिलाय. पौडला चहा, घाटात कांदाभजी, धबधब्यापुढे रील आणि परत. चढण सगळी गाडी चढते, धापही तीच टाकते. वाटेत गुडघाभर चिखलात एखादी आजी भात लावत असते. तिचाही फोटो निघतो, गाडीवरून न उतरता.

खरी मजा तपासणीच्या टेबलावर. एका धडधाकट पोराचं बीपी १४२/९० निघालं. ‘मशीन बिघडलंय,’ तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला पाय जमिनीला टेकवून, न बोलता, मोबाइलशिवाय पाच मिनिटं बसवलं. तिसऱ्या मिनिटाला त्याचा अंगठा हवेतच रील सरकवत होता. दुसऱ्यांदा आकडा जरा उतरला. एका मोजणीवरून निदान होत नाही, पण पुढच्या आठवड्यात परत ये, असं त्याला बजावलं.

‘पण सर, बीपी बाबांना आहे. मला कसं असेल?’

अरे बाबा, मुळशीची जमीन वारसाहक्काने मिळेल न मिळेल, बीपी मात्र तलाठ्याकडे हेलपाटे न घालताही पोरांच्या नावावर चढतं. त्यात आपल्याकडे घाई फार. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला.

तेव्हा वय वीस असलं तरी वर्षातून एकदा बीपी मोजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतं. आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको, आणि मोबाइल खिशात ठेवा.